वर्मी बेड १२×४×२: सोलापूरच्या उन्हाळ्यात गांडुळाला पळायला जागा देतो का?

गांडूळखत करायच्या तयार बेडच्या घडीवरच्या चिठ्ठीत लांबी, रुंदी, उंची, जीएसएम, ‘यूव्ही ट्रीटेड’ असं सगळं छापलेलं असतं. आत ऊब चढली की गांडुळाने जायचं कुठे, एवढंच नसतं. सोलापुरात एप्रिल-मेची दुपार ४० अंशांच्या आसपास किंवा त्याच्याही वर जाते. इथे बेड पारखायचा तो याच प्रश्नावर. कापड फाटलं तर शिवता येतं. तळापासून वरपर्यंत एकसारखा तापलेला बेड मात्र आठवडाभरात रिकामा होतो, आणि दोष जातो बीजाला, म्हणजे बेडमध्ये सोडायला विकत आणलेल्या गांडुळांना.

परीक्षण आहे ते कृषी सेवा केंद्रांत सर्रास मिळणाऱ्या तयार बेडचं: एचडीपीई या प्लास्टिकचं विणलेलं, लॅमिनेशन केलेलं कापड, १२ फूट लांब, ४ फूट रुंद, २ फूट उंच. कडेने बांबू घालायच्या खोळी, बाजूंना जाळीच्या खिडक्या आणि तळाच्या एका कोपऱ्यात व्हर्मीवॉश, म्हणजे बेडमधून झिरपलेलं पाणी, काढायचं तोंड. या मालासाठी भारतीय मानकही आहे, आयएस १५९०७, सन २०१०. चिठ्ठीवर हा क्रमांक असेल तर चांगलंच, पण त्यावर थांबू नका. दुकानातच वजनकाटा मागा.

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. या बेडचा तळ ४८ चौरस फूट, चारही बाजू मिळून ६४. एकूण ११२ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०.४ चौरस मीटर. ३४० जीएसएमचं एवढं कापड साडेतीन किलो भरतं, ४५० चं पावणेपाच किलोच्या जवळ. खोळी आणि दुमडलेल्या शिवणी थोडी भर घालतात, जाळी थोडी वजा करते. म्हणून ३४० चा सांगून दिलेला बेड काट्यावर तीन किलोंच्याही खाली उतरला, तर छापलेला आकडा खरा नाही. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जाड कापड गांडुळाला उन्हापासून वाचवत नाही. मिलिमीटरभरसुद्धा जाडी नसलेलं प्लास्टिक उष्णता अडवत नाही. जास्त जीएसएमचा फायदा होतो तो उन्हाने कापड पिचण्याच्या बाबतीत आणि भार पेलण्याच्या बाबतीत. दीड फूट भरलेला बेड दोन घनमीटरचा होतो आणि ओला माल सहज एक ते सव्वा टन भरतो. लांब बाजूंना मधे किमान दोन-दोन बांबू नसतील तर पोट सुटतं आणि तळाची शिवण उसवते. तळाची शिवण दुहेरी आहे का आणि व्हर्मीवॉशच्या तोंडाला कॉलर नीट बसवली आहे का, हे दोन्ही घडी उघडून बघा. गळती बहुतेक तिथूनच सुरू होते.

मालाचं एवढं पुरे. खरी परीक्षा आतल्या जिवाची.

गांडुळाला ऊब कळते कशी

गांडुळाला डोळे नाहीत, कान नाहीत. पण त्याची सगळी कातडी जागी असते. कातडीत संवेदी पेशींचे पुंजके आणि चेतातंतूंची मोकळी टोकं विखुरलेली असतात, तोंडावरच्या छोट्या पाळीत सगळ्यांत दाट. म्हणूनच ते पुढे सरकण्याआधी तोंड इकडेतिकडे फिरवून चाचपत असतं.

साध्या प्राण्यांच्या या जाणिवेचा सगळ्यांत बारीक अभ्यास झाला तो सी. एलिगन्स नावाच्या सूत्रकृमीवर. हाही मातीत, कुजणाऱ्या पालापाचोळ्यात सापडणारा. लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि चेतापेशी मोजून ३०२. एका टोकाला थंड आणि दुसऱ्या टोकाला गरम अशा पृष्ठभागावर सोडला, की ज्या तापमानाला तो खाऊन-पिऊन वाढला त्या पट्ट्याकडे तो जातो आणि तिथे पोचल्यावर त्याच तापमानाच्या रेषेवरून फिरत राहतो. हे १९७५ साली नोंदवलं गेलं. पुढे १९९५ मध्ये एएफडी ही डोक्यातली चेतापेशींची जोडी या कामाची मुख्य असल्याचं दाखवलं गेलं. अंशाच्या काही शतांश भागाएवढा फरकही तिला जाणवतो. पण ती थर्मामीटरसारखा आकडा सांगत नाही. आत्ताची ऊब मघाच्या उबेपेक्षा जास्त की कमी, आणि दोन्ही सवयीच्या उबेपासून किती लांब, एवढंच ती तोलते. बरं चाललं असेल तर कृमी सरळ जातो, बिघडत असेल तर वारंवार वळतो.

चपट्या कृमींचं, म्हणजे प्लॅनेरियाचं, उत्तर वेगळं आहे. उष्णतेने त्यांच्या ऊतींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी तिखट संयुगं तयार होतात आणि टीआरपीए१ नावाचं प्रथिनाचं दार त्यांनी उघडतं, असं २०१७ च्या संशोधनात दिसलं. म्हणजे तो प्राणी तापमान मोजत नाही, तापमानाने होणारी इजा ओळखतो. माणसाच्या कातडीतलं टीआरपीव्ही१ हे दार सुमारे ४३ अंशांना उघडतं आणि तेच दार मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. शेंगाचटणी जास्त तिखट झाली की जीभ पोळल्यासारखी का वाटते, याचं कारण तेच. या दाराचा शोध लावणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना, आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत, २०२१ चं नोबेल मिळालं.

बेडवाल्याने यातून दोन गोष्टी घ्यायच्या. पहिली, हा जीव आकडा नव्हे, उतार ओळखतो. इकडे गरम, तिकडे कमी गरम असं असेल तरच त्याला दिशा सापडते. सगळा बेड ३३ अंशांना एकसारखा असेल तर त्याची जाणीव कितीही तल्लख असली तरी उपयोग नाही. ते भरकटतं, भिंती चढतं आणि बाहेर पडून उन्हात सुकतं. दुसरी, आपला हात इथे पूर्ण फसवतो.

हात घालून बघायची सवय मोडा

आपल्या तळहाताची कातडी साधारण ३२ ते ३४ अंशांना असते. त्याच तापमानाच्या मालात हात घातला तर ना गरम लागतं ना गार. ‘नॉर्मल आहे’ म्हणून माणूस हात झटकतो. आयसेनिया फेटिडा या आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या लाल गांडुळाला १५ ते २५ अंश मानवतात, त्यातही २५ च्या आसपास वाढ आणि कोष (अंड्यांच्या पिशव्या) घालणं जोरात चालतं, आणि ३५ ला त्याची वरची हद्द संपते. आपल्याला जो चटका ४३ ला बसतो, त्याच्या आठ अंश आधीच त्याचा खेळ आटोपलेला असतो. हाताला कोमट लागलं, तर उशीर झाला असं समजा.

मरण कशाने येतं हेही नीट समजून घेतलं पाहिजे, कारण चुकीचा उपाय त्यातूनच होतो. गांडूळ ओल्या कातडीने श्वास घेतं. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याची प्राणवायूची गरज साधारण दुप्पट होते. त्याच वेळी पाण्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना ७.६ च्या आसपास. गरज वाढते आणि पुरवठा आटतो. अशा वेळी घाबरून बेडमध्ये चार-सहा बादल्या ओतल्या, की मालातल्या हवेच्या पोकळ्या पाण्याने बुजतात आणि उन्हाने अर्धमेलं झालेलं गांडूळ गुदमरतं. मे महिन्यात बेड ‘अचानक’ गेल्याच्या बहुतेक प्रकरणांच्या मुळाशी अशी ओतलेली बादली असते.

थर्मामीटर हाताशी नसेल तर गांडुळाकडे बघा, ते सगळं सांगतं. २८ अंशांपर्यंत ती वरच्या चार-सहा इंचांत पसरलेली असतात. गोणपाट उचललं की चटकन आत शिरतात. ही चपळाई चांगली. २८ ते ३१ च्या दरम्यान वरचा थर दिवसा ओस पडतो, शेण खाण्याचा वेग मंदावतो आणि ती वर दिसतात ती पहाटेच. ३१ च्या पुढे ती तळाच्या कोपऱ्यांत, व्हर्मीवॉशच्या तोंडाजवळ, जाळीलगत गुंता करून बसतात. मूठभर उचलला तर एकमेकांत अडकलेला गोळाच हाती येतो. ३३ नंतर रात्री भिंतीवर चढणं, बेडखाली जाऊन बसणं सुरू होतं. त्रास वाढला की फेटिडा पाठीवरच्या छिद्रांतून पिवळसर, उग्र वासाचा द्रव सोडतं. तो बोटाला लागला म्हणजे त्याच दिवशी काहीतरी केलं पाहिजे. त्यानंतर अंग लिबलिबीत होतं, वळवळ थांबते आणि मेलेली गांडुळं दोन दिवसांत विरघळून जातात. माशासारखा वास तेवढा उरतो. अंग मण्यांच्या माळेसारखं जागोजाग आवळलेलं दिसत असेल तर मात्र दोष उन्हाचा नसतो. तिथे पेंड, धान्य, उष्टं असलं प्रथिनांचं खाद्य जास्त पडून आंबलेलं असतं. दोन्हींचे उपाय वेगळे.

बेड हा माठ नव्हे

या मालाची सगळ्यांत मोठी उणीव इथे आहे. बिनगिलाव्याच्या विटांची टाकी ओली ठेवली की माठासारखी पाझरते आणि बाहेरच्या अंगाने गार होते. लॅमिनेट केलेलं एचडीपीई पाझरत नाही. त्याच्या चारी भिंती प्लास्टिकच्या बाटलीसारख्या. वाफ निघायला जागा दोनच: वरचं तोंड आणि जाळीच्या खिडक्या. त्यामुळे खिडक्या लहान असलेला बेड सोलापूरसाठी घेऊ नका. जाळी ठेवलीय ती हवेसाठी असं समजतात, इथल्या हवेत तिचं निम्मं काम गारव्याचं आहे.

बाष्पीभवनाचं बळ किती, हे आकड्यांत बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता लागते. सव्वा टनाचा ओला बेड एका अंशाने गार करायला ढोबळमानाने ३,६०० किलोज्यूल काढावे लागतात. म्हणजे दीड लिटर पाण्याची वाफ जर बेडमधूनच उष्णता घेऊन झाली, तर सगळा बेड अंशभर उतरतो. तेच दीड लिटर दहा अंशांनी गार पाणी नुसतं ओतलं तर निघतात जेमतेम साठ-पासष्ट किलोज्यूल. पाणी ओतून बेड गार होत नाही, सुकवून होतो. अर्थात गोणपाटावरची वाफ बरीचशी उष्णता वाऱ्यातून घेते, बेडला त्यातला वाटाच मिळतो. तरी हिशोब कुठे झुकतो ते स्पष्ट आहे.

सोलापूरचं कोरडेपण इथे आपल्या बाजूने आहे. ४१ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर वाऱ्यातलं ओलं कापड तत्त्वतः २३-२४ अंशांपर्यंत उतरू शकतं. धोका मेपेक्षा मृगाच्या तोंडावर जास्त. पाऊस यायच्या आधीचे आठ-दहा दिवस हवा ३६ अंशांची पण ५५ टक्के दमट असते, आणि तेव्हा तेच ओलं कापड २८ च्या खाली जात नाही. ‘आता उन्हाळा संपला’ म्हणून पाणी मारणं सोडलं जातं, आणि गांडूळ तेव्हाच पळतं. त्या दिवसांत बादली वाढवून काम होत नाही. वारा वाढवावा लागतो: एका बाजूचं आडोशाचं कापड सोडायचं, गोणपाट काठ्यांवर चार बोटं उचलून ठेवायचं.

गोणपाट दुहेरी घ्या. जुनी, बऱ्याच धुण्या झालेली सोलापुरी चादर गोणपाटापेक्षा जास्त वेळ ओल धरते, पण भिजल्यावर जड होऊन मालाला चिकटते आणि हवा तोडते. ती वापरायची तर आडव्या काठ्यांवरच. रोज १० ते १५ लिटर पाणी दोन हप्त्यांत, सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर, आणि तेही कापडावर, आत नाही. आतला ओलावा मुठीने तपासा: माल दाबला की बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर जास्त झालं. दुपारी पाणी मारायचंच झालं तर पाइपमधलं पहिलं पाणी बाजूला सोडा. उन्हातल्या काळ्या पाइपमधलं आणि गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देण्याइतकं तापलेलं असतं, आणि ते थेट गांडुळावर जातं.

मांडणी

बेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन चार फुटी बाजूंवर येतं, बारा फुटींवर नाही. दुपारच्या उन्हाला दिशेचा उपाय नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावलीच पडत नाही. तेव्हा जे काही वाचवतं ते छप्पर.

नुसता पत्रा सगळ्यांत वाईट. दुपारी तो तापून खाली उष्णता फेकतो, बेड सावलीत असूनही भाजतो. पत्र्याखेरीज इलाज नसेल तर त्यावर अर्धा फूट उसाचं पाचट दोरीने बांधून घाला. माढा, माळशिरस, पंढरपूरकडे पाचटाला तोटा नाही. नुसती हिरवी शेडनेटही एकटी पुरत नाही, ती ऊन अडवते पण स्वतः तापते. शेडनेट, तिच्याखाली फूटभर मोकळी हवा आणि मग तुरकाट्या किंवा पाचटाचा मांडव, असं दुहेरी छप्पर बेडच्या सगळ्या बाजूंनी दोन फूट बाहेर काढलेलं हवं.

बेड जमिनीवरच. काळ्या मातीचा तळ सावलीत राहिला की बेडची उष्णता थोडी थोडी शोषत राहतो. सोलापूरचं वर्षभराचं सरासरी तापमान २७-२८ च्या घरात आहे आणि सावलीतल्या खोल जमिनीचा कल तिकडेच असतो. गच्चीचा स्लॅब किंवा अंगणातली फरशी याच्या नेमकी उलट, ती खालून तापवते. गच्चीवर हा बेड एप्रिल ते जून चालवू नका, काहीही उपाय करा, तो जमत नाही. तळाला तीन-चार इंच नारळाच्या शेंड्या किंवा उसाचं चिपाड, आणि व्हर्मीवॉशच्या तोंडाकडे बोटभर उतार.

आता खोलीची गोष्ट. ‘भरपूर खोल भरला की गांडूळ खाली जाऊन वाचतं’ हा सल्ला अर्धाच खरा आहे. दिवस-रात्रीचा चढउतार अशा ओल्या मालात फार खाली जात नाही. सहा-सात सेंटीमीटरवर तो एक तृतीयांशाच्या आसपास उरतो, वीत भर खाली जवळजवळ नाहीसा होतो. तिथे राहतं ते दिवस-रात्रीचं सरासरी तापमान. मेमध्ये दुपार ४१ आणि पहाट २६ धरली तर ती सरासरी ३३ च्या वर भरते, म्हणजे फेटिडाच्या हद्दीला टेकलेली. खोली दुपारचा फटका चुकवते, सरासरी खाली आणत नाही. ती आणते सावली आणि वाफ.

म्हणूनच या बेडची बारा फूट लांबी आम्हाला त्याच्या उंचीपेक्षा मोलाची वाटते. उन्हाळ्यात अर्ध्या बेडलाच खाद्य द्या. पूर्वेकडच्या सहा फुटांत नवं शेण, तेही दोन इंचांपेक्षा जाड नाही. पश्चिमेकडच्या सहा फुटांत, जिथून वारा येतो, तयार झालेलं जुनं खत, थोडं जास्त ओलं, त्या टोकाच्या जाळीबाहेर ओलं गोणपाट टांगलेलं. पाच-सहा अंशांचा फरक दोन टोकांत राहिला की गांडुळाला उतार मिळतो. रात्री ती खायला इकडे येतात, दिवसा तिकडे जातात. आणि मार्च ते जून बेड कालवू नका. फावड्याने वरखाली केलेल्या बेडमध्ये हा उतार एका दमात पुसला जातो, आणि हवा मिळून ताज्या मालाची ऊब पुन्हा भडकते.

ऊब आतूनही येते. ताजं शेण, हिरवा पाला, प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेला गाळ) यांचा ढीग जिवाणूंच्या कामाने ५५ ते ६५ अंशांपर्यंत जातो. तो आधी बाहेर, सावलीत, पाणी मारून १५ ते २० दिवस कुजू द्यायचा, दोनदा पलटायचा आणि आतलं तापमान सलग तीन दिवस बाहेरच्या सावलीतल्या हवेपेक्षा वर गेलं नाही, तरच बेडमध्ये घालायचा. साखर कारखान्याचा प्रेसमड या बाबतीत फार लबाड. वरून गार लागतो आणि वीतभर आत धगधगत असतो. त्याला २० दिवसही कमी पडतात, आणि शेणात तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त मिसळू नये. डाळिंबाच्या छाटणीच्या काड्या बारीक केल्याशिवाय घालू नका. कुजायला त्या फार वेळ घेतात.

थर्मामीटर कोणता

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला नको. तो फक्त पृष्ठभाग मोजतो. ओल्या गोणपाटावर धरला तर वाफेने गार झालेला आकडा दाखवतो आणि खाली ३४ अंश असले तरी समाधान देतो. स्टीलची लांब दांडी असलेला डिजिटल प्रोब घ्या, दांडी आठ इंचांपेक्षा कमी नको. पाऱ्याची काचेची नळी बेडमध्ये खुपसू नका. फुटली तर पारा खतात जातो.

नवा प्रोब आधी तपासा: बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळलं, दोन मिनिटं थांबलं, की शून्याच्या एका अंशात आकडा यावा. उकळत्या पाण्यात १०० यायची वाट बघू नका. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, इथे पाणी ९८.५ च्या आसपासच उकळतं. नोंद रोज दुपारी चार ते पाचच्या दरम्यान, सहा जागी: दोन्ही टोकं आणि मध्य, प्रत्येक ठिकाणी दोन इंचांवर आणि आठ इंचांवर. सहापैकी एक जागा तरी २८ च्या खाली असेल तर रात्र निभावते. सहाही ३१ च्या वर असतील तर त्याच संध्याकाळी एका टोकाला जुनं गार खत आणि ओलं कापड.

बीज घेताना

फेटिडा आणि युड्रिलस युजिनी ही दोन बीजं बाजारात मिळतात, बऱ्याचदा मिसळून. युजिनी लांब, जांभळट चमकेचं, खादाड. पण वरची हद्द ३० च्या आसपास, फेटिडापेक्षा कमी. आफ्रिकेतलं म्हणून उन्हाला काटक, असं सांगून ते विकलं जातं, ते खरं नाही. देशी पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस वाढतं भराभर, पण जरा बिनसलं की एका रात्रीत निघून जातं. सोलापूरला उन्हाळा काढायचा तर फेटिडा. आणि बीज सोडायचं नोव्हेंबर ते जानेवारीत. गांडुळाची सहनशक्ती हळूहळू सवयीने थोडी वर सरकते. थंड जागी वाढलेलं बीज एप्रिलमध्ये आणून सोडलं तर त्याला ती मुदतच मिळत नाही.

बीज कसं आहे ते ताटात बघता येतं. शाळेच्या प्रयोगालाही हे चांगलं. दोन फूट लांबीचा अॅल्युमिनियमचा ट्रे, त्यात ओला टीपकागद. एका टोकाखाली पिशवीतला बर्फ, दुसऱ्याखाली ३५ अंशांच्या पाण्याची बाटली, त्याहून गरम नको. मधोमध दहा गांडुळं ठेवून वर पुठ्ठा झाका, कारण त्यांना उजेडही नकोसा असतो आणि उजेड असला तर ती उबेला टाळताहेत की प्रकाशाला, ते कळत नाही. वीस मिनिटांनी मोजा. निरोगी बीज गरम तिसरा भाग सोडतं आणि अगदी बर्फाच्या टोकालाही जात नाही, मधल्या गार पट्ट्यात जमतं. जिथे होती तिथेच पडून राहिली तर ती आधीच थकलेली आहेत, घेऊ नका. गरम टोकाचा कागद लवकर सुकतो, तो पुन्हा भिजवला नाही तर निकाल ओलाव्याचा निघतो, उबेचा नाही. एकदा टोकं बदलून पुन्हा करा.

दोन बेडमध्ये निवड असेल तर मोठ्या जाळीचा घ्या, जीएसएम थोडा कमी असला तरी चालेल. लॅमिनेशन फक्त बाहेरून असलेला असेल तर उत्तम. रंगाला सावलीत फारसा अर्थ नाही, पण मांडव अपुरा असेल तर पांढऱ्या बाहेरच्या अंगाचा घ्या. पाचपैकी साडेतीन गुण: उभा करायला एक तास, हलवायला सोपा, धुऊन पुन्हा वापरता येतो. दीड गुण कापले ते न पाझरणाऱ्या भिंतींचे आणि चिठ्ठीवर उन्हाळ्याबद्दल एक अक्षर नसल्याचे. जागा कायमची असेल आणि विटा परवडत असतील तर बिनगिलाव्याची, मधल्या भिंतींना भोकं ठेवलेली चार कप्प्यांची टाकी सोलापुरात या बेडपेक्षा सरस. त्या भोकांतून गांडूळ एका कप्प्यातून दुसऱ्यात जाऊ शकतं, म्हणजे उतार बांधकामातच आहे.

आणि मे महिन्यात बेड बसलाच, तर माल फेकू नका. फेटिडासारखी पृष्ठभागावर राहणारी गांडुळं खोल बिळं करून झोपत नाहीत. वाईट काळ ती कोषांच्या रूपात काढतात. लिंबाच्या बियांसारखे, पण आकाराने खूपच लहान, पिवळसर ते तपकिरी कोष मालात सापडतात का बघा. मेलेला वरचा थर काढा, उरलेला माल सावलीत नऊ-दहा इंच जाडीचा पसरा, मुठीत थेंब येईल इतपत ओला ठेवा आणि नवं शेण अजिबात घालू नका. तापमान २५ च्या जवळ आलं की तीन ते चार आठवड्यांत एकेका कोषातून दोन-तीन पिल्लं निघतात. जूनच्या शेवटी ओल्या पुठ्ठ्याचा तुकडा मालावर रात्रभर ठेवा आणि सकाळी उलटून बघा. खालच्या बाजूला दोऱ्याएवढी पांढुरकी पिल्लं चिकटलेली असली, तर नवं बीज विकत घ्यायची गरज नाही.